गाडी परत निघेल

"आजी, सो बेसिकली यू वर ॲन ॲप?"

मागच्या मे महिन्यात रोमच्या स्टेशनवरून माझ्या नातवाने, नीलने, हा प्रश्न पाठवला. तो आणि त्याची बहीण ईशा आईबाबांबरोबर कॅलगरीहून इटली बघायला गेले होते आणि वेगवान गाडीने रोमहून मिलानला निघाले होते. तीन-साडेतीन तासांचा प्रवास, तिकिटं फोनमध्ये. बाबाने त्यांना सांगितलं, की या प्रवासाची तिकिटं तुमची आजी दुबईत बसून विकायची. त्यावर हा प्रश्न आणि पुढे हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारा एक पिवळा चेहरा.

मी फोनवर उत्तर टाइप केलं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक दोन वर्षं माझ्या मागे लागले होते, नोकरीबद्दल काहीतरी लिहा म्हणून. तेव्हा हेच उत्तर समजा. नील, ईशा, बाबाकडून वाचून घ्या. मधलं काही त्याने गाळलं असं वाटलं तर मला कळवा. लहानपणी धडे गाळून वाचायची त्याला सवय होती.

नाही, मी ॲप नव्हते. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षं मी बर दुबईतल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत रेल डेस्क सांभाळत होते. डेस्क म्हणजे खिडकीपासून सगळ्यात लांबचं टेबल, फॅक्सच्या यंत्राला चिकटून. मेट्रो पुढे खूप वर्षांनी आली. आज आम्ही राहतो ते अल बर्शा तेव्हा बहुतेक वाळूच होतं. ज्या देशात रेल्वेचा एक रूळ नव्हता, तिथे बसून मी रेल्वेची तिकिटं विकत होते. हे वाक्य दोनदा वाचा आणि मग हसा.

आमचे मॅनेजर नंबियारसाहेब. माणूस सज्जन, पण रेल्वेवर त्यांचा राग होता. "टिपणीस मॅडम, ट्रेन में क्या रखा है? दुनिया भर का पेपरवर्क, और कमिशन में एक शवर्मा भी नहीं आता. फ्लाइट बेचो." मी म्हणायचे, "सर, रोम-मिलान विमानाने जायचं तर विमानतळावर जाण्या-येण्यातच अर्धा दिवस जातो. गाडी गावाच्या पोटातून निघते आणि गावाच्या पोटात सोडते." ते मान हलवायचे. मी रेल्वेच विकायचे. आमचं हे भांडण मी निवृत्त होईपर्यंत चाललं.

कामाची रीत सांगते. युरोपातल्या सगळ्या गाड्यांच्या वेळा असलेलं, शब्दकोशाएवढं जाड पुस्तक माझ्या टेबलावर असायचं. गिऱ्हाईक दिवस सांगायचं, मी पानावर पट्टी ठेवून गाडी शोधायची. वेगवान गाडीत जागा आरक्षित असावीच लागायची, म्हणून फॅक्स पाठवायचा. उत्तर दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या. इटलीत शनिवार-रविवार सुट्टी, आमच्याकडे शुक्रवारी. त्यामुळे गुरुवारी दुपारी आलेल्या माणसाला मी सोमवारचा वायदा करायचे आणि तो माझ्याकडे असा बघायचा, की जणू कॅलेंडर मीच बनवलंय.

तिकीट हातात देताना मी प्रत्येकाला तीन गोष्टी बजावायचे. फलकावर फ्लॉरेन्स शोधू नका, ते लोक फिरेंझे लिहितात. डब्याचा नंबर आणि जागेचा नंबर वेगवेगळा. आणि चढण्याआधी फलाटावरच्या पिवळ्या यंत्रात तिकीट घालून स्टँप करा, नाहीतर दंड.

या तिसऱ्या सूचनेने एकदा घात केला. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आपल्याकडचे एक गृहस्थ मुलाकडे दुबईला आले होते, तिथून इटलीला गेले. परत आल्यावर रागाने लाल. "बाई, तुम्ही स्टँप म्हणालात. मी चाळीस मिनिटं रांगेत उभा राहून स्टेशनमास्तरचा रबरी शिक्का मागितला. तो देईना! तोवर गाडी गेली." आयुष्यभर शिक्के मारलेला माणूस, त्याला स्टँप म्हणजे साहेबाचा शिक्काच वाटणार. मी त्यांना समजावलं, ते म्हणाले, "यंत्राच्या शिक्क्याला काय किंमत?" त्या दिवसापासून मी "टिकटिक करून घ्या" असं म्हणू लागले. त्यानंतर कोणी रांगेत उभं राहिलं नाही.

दुसरे एक साहेब चार-साडेचार तासांच्या दिवसाच्या गाडीत लोअर बर्थ मागत होते. बर्थ नसतो म्हटल्यावर, "मग मिसेसची पाठ?" मी म्हटलं, "मिसेसना विचारा." मिसेस मागून म्हणाल्या, "मला खिडकी द्या, पाठ माझी मी बघते."

पण मला सांगायची आहे ती हलीमामावशींची गोष्ट. माझ्या नोकरीची गोष्ट म्हणजे तीच एक.

मावशी रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावच्या. साठीच्या पुढे, अंगाने काटक, बोलायला खणखणीत. त्यांच्या मुलाचं, युसुफचं, अल क्वोजला एसी दुरुस्तीचं वर्कशॉप होतं आणि त्या शारजात त्याच्याकडे राहायच्या. मुलगी नसरीन लग्न होऊन मिलानला. जावई तिथे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात. नसरीनचं पहिलं बाळंतपण. खरं तर तिने आईकडे यायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केला होता. तेव्हा आईने जायचं. बाळंतपणाला पंधरा दिवस उरले होते, व्हिसा कसाबसा मिळाला आणि तेव्हाच मिलानमध्ये कसलंतरी मोठं प्रदर्शन लागलं. दुबई-मिलान विमानांत तीन आठवडे जागा नाही. रोमपर्यंत मिळत होती.

युसुफ माझ्या टेबलासमोर घाम पुसत बसला. "मॅडम, मला सुट्टी नाही, सीझन आहे. रोममध्ये जावयाचा एक दोस्त आहे, तो अम्मीला एअरपोर्टवरून घेईल. पण पुढे? एकटी? अम्मीला एबीसीडी पण येत नाही. कॅन्सल करू या."

मावशी त्याच्या शेजारी, मांडीवर पर्स घट्ट धरून. "कॅन्सल काय? पोर माझी अडलीय."

नंबियारसाहेब केबिनमधून बाहेर आले. "रोम से मिलान कनेक्टिंग फ्लाइट है. व्हीलचेअर बोल दो, आदमी लोग ले जाएगा."

"मी लंगडी हाय काय?" मावशींनी मला विचारलं. "आणि इमान एक पुरे. दुसऱ्यात नाय बसणार मी."

मी पुस्तक उघडलं. सकाळी रोमहून निघणारी गाडी, मधे फिरेंझे आणि बोलोन्या, मग मिलान. तिथे गाडी संपते. मी युसुफला म्हटलं, "दोस्त त्यांना जागेवर बसवून देईल. मिलानला जावई उतरवून घेतील. मधे मावशींना एकच काम आहे, न उतरण्याचं. बसून राहायला एबीसीडी लागत नाही."

"आणि मधेच उतरली तर?"

"मावशी, वाचता येतं?"

"चौथी पास हाय," मावशी म्हणाल्या. "मराठी शाळा."

"मग मी लिहून देते. मराठीत."

नंबियारसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, आप जिद कर रहे हो. ओल्ड लेडी खो गई ना, तो रेल डेस्क खलास. आप व्हिसा फॉर्म भरो फिर."

"भरीन," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. इटली मी तोवर पाहिलीसुद्धा नव्हती. पण ज्या बाईला मुलीकडे जायचंय आणि जिला वाचता येतं, तिला 'तुला जमणार नाही' हे सांगण्याचा पगार मला मिळत नव्हता.

त्या संध्याकाळी मी आधी इंग्रजीत मसुदा केला. मला विचार इंग्रजीतच सुचतो. माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली आणि लिहायचं मराठी मी लग्नानंतर सासूबाईंच्या पत्रांना उत्तरं देता देता शिकले. मग एकेक वाक्य मराठीत आणलं आणि जाड काळ्या पेनाने मोठ्या अक्षरांत उतरवलं. प्रत्येक स्टेशनचं नाव फलकावर दिसेल तसं आणि खाली देवनागरीत. एक गोष्ट मला खटकली होती. बोलोन्याला गाडी दोन-तीन मिनिटं थांबत होती, पण फिरेंझेला चांगली दहा. मी ठरवून टाकलं, की चहापाण्याला थांबत असेल. म्हणून तिथे लिहिलं: "फिरेंझे. पुष्कळ लोक उतरतील. तुम्ही उतरू नका. गाडी बराच वेळ थांबेल, मग परत निघेल. घाबरू नका, बसून राहा." आणि सगळ्यात शेवटी: "मिलानो. इथे गाडी संपते. जावई डब्यात येईपर्यंत जागेवरून उठू नका."

मावशींनी कागद तिथेच मोठ्याने वाचला, घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि म्हणाल्या, "अक्षर सोन्यासारखं हाय गो बाय."

त्या विमानाने गेल्या आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या. ठरलं असं होतं, की मिलानला पोहोचल्यावर जावई आमच्या ऑफिसात फोन करील. त्यांची दुपार म्हणजे आमची उतरती दुपार. एक ते चार आमचं शटर खाली असायचं, सगळे घरी जेवायला जायचे. मी गेले नाही. युसुफ वर्कशॉप सोडून आला होता. आणि नंबियारसाहेब, "मुझे घर पे भी यही टेन्शन है," म्हणून थांबले. अर्ध्या शटरखालून ऊन आत येत होतं आणि आम्ही तिघं फोनकडे बघत होतो.

फोन आला. युसुफने उचलला. त्याचा चेहरा उतरला.

"गाडी आली म्हणतो. सगळे लोक उतरले. अम्मी नाही." मग माझ्याकडे वळून, "मी बोललो होतो मॅडम! फ्लॉरेन्सलाच उतरली असणार. लोक उतरले, हीपण उतरली. आता तिथे कोणाला विचारणार ती? काय भाषेत विचारणार?"

नंबियारसाहेब नुसते खुर्चीत बसले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मी युसुफच्या हातून फोन घेतला. "जावई, तुम्ही नक्की कुठे उभे आहात?"

"फलाटाच्या तोंडाशी, इंजिनाजवळ. दोस्त म्हणाला होता, सगळ्यात पुढचा डबा. पुढच्या डब्यात बघितलं, त्याच्या मागचापण बघितला. कोणी नाही, आंटी."

"डब्याचा नंबर?"

"तो नाही विचारला."

नंबर मला पाठ होता, मी सांगितला. "आता गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा. प्रत्येक डबा बघा. शेवटचासुद्धा."

"पण आंटी, सगळे उतरले. साफसफाईवाले चढलेत."

"मावशी उतरलेल्या नाहीत. त्या गाडीतच आहेत. जा."

फोन बंद झाला. युसुफ माझ्याकडे बघत म्हणाला, "कशावरून मॅडम?"

"मी लिहून दिलंय, की जावई येईपर्यंत उठू नका."

"अहो, एक कागद लिहून दिला म्हणून..."

"त्यांनी वाचलाय," मी म्हटलं. "तू वाचला होतास?"

त्याने मान खाली घातली. तसं बोलायला नको होतं. मुलगाच होता तो, आई हरवली होती त्याची. पण मी त्या क्षणी मागे सरले असते, तर माझ्याही मनातून मावशी फिरेंझेच्या फलाटावर उतरल्या असत्या.

वीस मिनिटं. नंबियारसाहेबांनी तीनदा रिसीव्हर नीट ठेवलाय का ते पाहिलं. शेवटी घंटी वाजली, मीच उचलला.

"काय गो बाय," पलीकडून खणखणीत आवाज. "तुझ्या कागदात सगळं बरोबर, पण जावयाला काय लिवून दिलं नव्हतंस? उशिरा आला तो!"

मावशी शेवटच्या डब्यात, आपल्या जागेवर, पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. साफ करणाऱ्या बाईने हातवारे करून उठायला सांगितलं, तर तिच्यासमोर कागद धरला. ती बिचारी कागदाकडे बघून मान डोलवून पुढे गेली.

युसुफ खुर्चीत बसून रडला. नंबियारसाहेबांनी शटर वर केलं आणि स्वतः जाऊन तीन कडक चहा घेऊन आले. "रेल डेस्क," एवढंच म्हणाले आणि कप माझ्यासमोर ठेवला.

गोष्ट इथे संपवली असती तर मी फार हुशार दिसले असते.

व्हिसा संपताना मावशी परतल्या, पेढे घेऊन ऑफिसात आल्या. नातू झाला होता. सगळ्या स्टाफसमोर त्यांनी माझा हात धरला. "या बायने वाचवलं मला. फिरेंजं आलं. सगळे उतरले. गाडी थांबली ती थांबलीच. आणि मग निघाली ती उलटी! ज्या बाजूने आली त्याच बाजूने. माझं तोंड मिलानकडं होतं, तर पाठ झाली. मी म्हटलं, या अल्ला, ही तर रोमला चालली. उठले, बॅग काढली. मग म्हटलं, थांब, कागद बघू. तर बायने लिवलेलंच होतं, गाडी परत निघेल, घाबरू नका! बॅग वर टाकली नि बसले."

मला तसं म्हणायचंच नव्हतं.

मुलांनो, बाबाला इथे थांबायला सांगा आणि हे समजून घ्या. मराठीत 'परत' म्हणजे 'पुन्हा', आणि 'परत' म्हणजे 'माघारी' सुद्धा. माझ्या इंग्रजी मसुद्यात होतं, की गाडी पुन्हा सुरू होईल. ते मी मराठीत आणताना 'परत' लिहिलं. फिरेंझेचं स्टेशन हे रुळांचं शेवटचं टोक आहे, गाडी तिथे शिरते आणि उलट्या दिशेने बाहेर पडून मग मिलानची वाट धरते, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दहा मिनिटांत चहा होत नव्हता, चालक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जात होता. रोमला जो डबा सगळ्यात पुढे होता तो मिलानला सगळ्यात मागे, म्हणून जावई चुकला. माझं अज्ञान चौथी पास बाईने तिच्या मराठीत वाचलं आणि ते ज्ञान ठरलं.

"मॅडम को सब मालूम है," नंबियारसाहेब सगळ्यांना सांगत होते. आणि मी पेढा खात गप्प राहिले. याची खंत मला आहे. तिथेच सांगायला हवं होतं.

दोन-तीन वर्षांनी मी सुट्टी काढून, तुमच्या आजोबांना घेऊन, त्याच गाडीत बसले. त्यांना मुद्दाम काही सांगितलं नाही. फिरेंझेहून गाडी निघाली तसे ते ताडकन उठले. "अगं, ही परत चाललीय! तू कुठली तिकिटं काढलीस? आयुष्यभर हेच करतेस ना?" डब्यातले सगळे आमच्याकडे बघायला लागले.

"बसा खाली," मी म्हटलं. "परतच निघते ती."

घरी आल्यावर पहिल्या शुक्रवारी मी शारजाला मावशींकडे गेले आणि सगळं सांगितलं. कागद चुकून बरोबर होता, मला काही माहीत नव्हतं, तुम्ही बसून राहिलात ते तुमच्या धीरावर. त्या माशांची आमटी ढवळत ऐकत होत्या.

"म्हंजे मी दिलेली शाबासकी परत घेऊ काय?"

"घ्या."

"नाय घेत." त्यांनी डाव बाजूला ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "परत देते."

आता नील, तुझ्याकडे. तू मला ॲप म्हणालास, त्यानंतर दीड तासाने तुझा दुसरा मेसेज आला होता, तो तू विसरलास. मी विसरले नाही. त्यात हसरा चेहरा नव्हता. "आजी, वी स्टॉप्ड इन फ्लॉरेन्स अँड नाऊ द ट्रेन इज गोइंग बॅकवर्ड्स. डॅड इज फ्रीकिंग आउट. द ॲप जस्ट सेज ऑन टाइम."

त्याला मी लगेच उत्तर दिलं होतं. बाबाला वाचायला दे म्हणून मराठीत दिलं होतं, जाड पेनाने मोठ्या अक्षरांत लिहून त्याचा फोटो:

गाडी परत निघेल. घाबरू नका, बसून राहा.

बसून राहिलात ना?